अभिजाताला जोडीदार हवा

सफाळे स्टेशनावरून निघालेली एसटी एडवण, कोरे अशी गावं घेत किनाऱ्यालगत दक्षिणेकडे जाते आणि दातिवऱ्याला रस्ता संपतो. पुढे वैतरणेचं मुख. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली नदी इथे अरबी समुद्राला मिळते; खाडीपल्याड अर्नाळा दिसतो. या पट्ट्यात घराघरांत मांगेली, वाडवळी, वारली अशा बोली बोलल्या जातात. जाळी विणणं, मासळी निवडणं, बोंबील वलांडीवर सुकत घालणं ही कामं मुलं न शिकवता शिकतात. भरती-ओहोटीचा हिशोब त्यांना शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचं वर्णन 'सागरी, नागरी, डोंगरी' असं केलं जातं. दातिवरे हे त्यातलं सागरी टोक.

या टोकावरच्या दहावीच्या मुलीच्या हाती मराठीचं पाठ्यपुस्तक येतं, तेव्हा तिच्यापुढे काय मांडलं जातं ते पाहण्यासारखं आहे. २०१८ मध्ये आलेल्या 'कुमारभारती'त संत नामदेवांचा अभंग आहे, समर्थ रामदासांचं 'उत्तमलक्षण' आहे, मोरोपंतांचं 'भरतवाक्य' आहे, दुर्गाबाई भागवतांचा 'वसंतहृदय चैत्र' आहे. नामदेवांचा जन्म १२७० चा, मोरोपंतांचा मृत्यू १७९४ चा. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीनं एका शैक्षणिक वर्षात पाचशे वर्षांची मराठी ओलांडायची. हे धाडस मला मनापासून आवडतं. अभिजात साहित्य मुलांना झेपणार नाही म्हणून काढून टाका, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण हे धाडस बहुतेक वर्गांत कसं पार पडतं? अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जातात. रसग्रहणाचं तयार उत्तर वहीत उतरतं. गाईडमधली चार वाक्यं पाठ होतात, परीक्षेत उतरवली जातात आणि निकालानंतर पुस्तक रद्दीत जातं. नामदेवांना गुण मिळवून देण्यापलीकडे काही म्हणायचं होतं, हे त्या मुलीपर्यंत पोहोचतच नाही. दोष तिचा नाही आणि नामदेवांचा तर नाहीच. दोघांची ओळख करून देणारं तिसरं कुणी त्या खोलीत नसतं.

ते तिसरं कुणी म्हणजे दुसरं एक पुस्तक असू शकतं. ज्यातला नायक किंवा नायिका वाचणाऱ्याच्याच वयाची आहे आणि तिच्यापुढे तोच प्रश्न उभा आहे, असं पुस्तक. अभिजात कृती आणि कुमारवयाचं पुस्तक जोडीनं वाचण्याची ही रीत आपल्या वर्गांत यायला हवी. मला वाटतं, तिची सुरुवात करायला दातिवऱ्यासारखं गाव शहरातल्या शाळेपेक्षा अधिक योग्य आहे.

ही रीत आली कुठून

अमेरिकेत लुईस रोझेनब्लॅट या अभ्यासक बाईंनी १९३८ मध्ये 'लिटरेचर अॅज एक्सप्लोरेशन' या पुस्तकात एक साधं पण मूलभूत सूत्र मांडलं. साहित्यकृती कागदावर पुरी होत नाही. वाचणारा आपलं आयुष्य घेऊन तिच्यासमोर बसतो, तेव्हा ती पुरी होते. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. ती तिनं शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. किशोरवयीन मुलांसाठीच्या कादंबरीचं स्वतंत्र दालन तिथून उभं राहत गेलं. पुढे शिक्षकांपुढे प्रश्न आला की शेक्सपिअर शिकवायचा की हिंटन. १९९३ मध्ये जोन केवेल यांनी आणि १९९६ मध्ये सारा हर्झ व डॉन गॅलो यांनी त्याचं उत्तर पुस्तकरूपानं दिलं: दोन्ही शिकवा, आणि एकमेकांशेजारी ठेवून शिकवा. हर्झ-गॅलो यांच्या पुस्तकाचं नावच 'फ्रॉम हिंटन टू हॅम्लेट' असं आहे.

आपल्याकडे या रीतीला नाव नव्हतं, पण तिचं साहित्य कधीपासून तयार आहे. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'नं गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मोकळा वारा आणला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, प्रकाश नारायण संतांचा लंपन ही मुलं मराठी घरांत वाढली. बालभारतीनं १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केलं. माधुरी पुरंदरे यांनी 'वाचू आनंदे'च्या भागांत मराठीतले निवडक उतारे मुलांपुढे ठेवले. तरी शाळेत या सगळ्याला 'अवांतर वाचन' म्हणतात आणि अवांतर गोष्टीला तास मिळत नाही. पाठ्यपुस्तक एका कपाटात, गोष्टीची पुस्तकं दुसऱ्या कपाटात, आणि दुसऱ्या कपाटाला बहुधा कुलूप.

म्हातारा, पोरगा आणि हरिणीचं पिल्लू

दातिवऱ्यासाठी पहिली जोडी शोधायला लांब जावं लागत नाही. अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ मध्ये आली, पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये ती 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणली. क्यूबाचा म्हातारा कोळी सांतियागो. चौऱ्याऐंशी दिवस त्याच्या गळाला मासा लागलेला नाही. शेवटी तो एकटाच खोल दर्यात जातो, आपल्या होडीपेक्षा लांब मासा गळाला लागतो, मासा होडी ओढत नेतो, म्हातारा दोर सोडत नाही. मासा मारला जातो आणि परतीच्या वाटेवर शार्क तो खाऊन टाकतात.

ही कादंबरी म्हाताऱ्याची म्हणून शिकवली जाते. दातिवऱ्याच्या वर्गात ती मनोलिनपासून सुरू करावी. मनोलिन म्हणजे म्हाताऱ्याच्या हाताखाली मासेमारी शिकलेला पोरगा. पहिले चाळीस दिवस तो त्याच्याच होडीवर होता. मासा मिळेना, तेव्हा आईबापांनी म्हाताऱ्याला अपशकुनी ठरवून पोराला दुसऱ्या होडीवर धाडलं. तिथे पहिल्याच आठवड्यात चांगले मासे मिळाले. तरी पोरगा रोज संध्याकाळी म्हाताऱ्याचं सामान उचलायला किनाऱ्यावर येतो, त्याच्यासाठी जेवण आणतो.

आता वर्गाला एकच प्रश्न विचारा: मनोलिनच्या आईबापांनी बरोबर केलं का? या किनाऱ्यावरच्या मुलांना हा प्रश्न पुस्तकातला वाटणार नाही. होडीवर जायचं की बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी धरायची, हा विषय कितीतरी घरांत जेवताना निघतो. मासळी कमी झाली, डिझेल महागलं, वाढवणच्या बंदरानं पुढे काय होणार, हे मुलं ऐकत असतात. 'एका कोळियाने'मधल्या पोराची कोंडी त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. उलट तीच मुलं शिक्षकाला सांगतील की इतक्या लांब एकटं कुणी जातं का, मासा होडीला बाहेरून बांधला तर काय होतं, दोर हातात किती वेळ धरता येतो. हेमिंग्वे तपासायला त्या वर्गाइतके जाणकार समीक्षक मिळणं कठीण.

या पुस्तकाशेजारी ठेवावं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग' या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला हा अनुवाद १९६७ चा. फ्लोरिडाच्या रानात आईबापांसोबत राहणारा ज्योडी हरिणीचं एक पिल्लू पाळतो. बापाला साप चावतो, विष उतरवण्यासाठी तो हरिणी मारतो आणि तिचं पिल्लू मागे राहतं. तेच ज्योडी घरी आणतो. पिल्लू मोठं होतं, शेतातलं कोवळं पीक खाऊ लागतं. ते पीक म्हणजे घराचं वर्षभराचं अन्न. मग ज्याच्यावर जीव लावला त्याच्यावरच बंदूक रोखायची वेळ ज्योडीवर येते.

या दोन पुस्तकांचं नातं विषयापुरतं नाही. स्क्रिबनर्स या प्रकाशनसंस्थेतले मॅक्सवेल पर्किन्स हे हेमिंग्वेचे संपादक आणि रॉलिंग्ज यांचेही. मुलाबद्दलचं पुस्तक लिहा, असा आग्रह रॉलिंग्ज यांना पर्किन्सनीच केला होता. आणि हेमिंग्वेनं 'द ओल्ड मॅन अँड द सी' ज्या दोघांना अर्पण केली त्यांतले एक पर्किन्स. मराठीत 'पाडस' आणणारे राम पटवर्धन हेही 'सत्यकथे'चे संपादक. चांगला संपादक मोठ्यांचं आणि मुलांचं अशी दोन तागडी वापरत नाही, हे वर्गाला सांगण्यासारखं आहे.

दोन्ही पुस्तकांत निसर्गाशी झगडून पोट भरणारी माणसं आहेत, दोन्हींत प्रेम आणि मारणं एकाच हाताला करावं लागतं. सांतियागोला माशाबद्दल आदर वाटतो आणि तो त्याला मारतो. ज्योडीचं पाडसावर प्रेम आहे आणि तो त्याला मारतो. मासेमारीवर जगणाऱ्या घरातलं मूल यावर काय म्हणेल, हे ऐकायला मी कुठलाही परिसंवाद सोडून त्या वर्गात बसेन.

आणि आता पाठ्यपुस्तकातल्या नामदेवांकडे वळा. कुमारभारतीतला तो अभंग म्हणजे जीव तुटण्याच्या चित्रांची रांग आहे. मूल आगीत सापडलं की आई धावते, पिल्लू खाली पडलं की पक्षीण झेप घेते, भुकेल्या वासराकडे गाय हंबरत येते, रानात वणवा पेटला की हरिणी आपल्या पाडसासाठी कासावीस होते. रॉलिंग्जची कादंबरी वाचून आलेला वर्ग या ओळीशी थांबेल. ज्योडीच्या पाडसाला आई उरली नव्हती, ही गोष्ट त्याच्या मनात ताजी असेल. मग नामदेव देवाशी कोणत्या नात्यानं बोलतात हे सांगण्यासाठी गाईड लागणार नाही. सातशे वर्षांमागचा कवी आणि ऐंशीहून अधिक वर्षांमागची परदेशी कादंबरी यांच्यामधली जागा पंधरा वर्षांची मुलं स्वतः भरून काढतील.

दोन शाळा, दोन्ही आता नाहीत

दुसरी जोडी शाळेचीच. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा ओस, मुलं मेंढरांमागे. तो हळूहळू वाडीचा होतो, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी उठते. हिच्याशेजारी ठेवावी तेत्सुको कुरोयानागी यांची 'तोत्तोचान'. १९८१ मध्ये जपानमध्ये आलेलं हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठी वाचकांच्या घरातलं झालं. आधीच्या शाळेनं काढून टाकलेली तोत्तोचान रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेतात. ही शाळा १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात जळाली.

एक पुस्तक मास्तरानं सांगितलेलं, दुसरं विद्यार्थिनीनं. जोडीनं वाचली की मुलांना एकच वर्ग दोन्ही बाजूंनी दिसतो. माडगूळकरांच्या मास्तराचा एकटेपणा, वाडीला विश्वासात घेताना होणारी त्याची दमछाक मुलांना कळते. आपल्यासमोर उभ्या असलेल्या बाईंकडे, सरांकडे पाहण्याची नजर त्यातून बदलू शकते.

'तोत्तोचान'मधला डब्याचा प्रसंग पालघरमध्ये तर मोठ्यानं वाचलाच पाहिजे. डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरातलं असू द्या, एवढंच कोबायाशी पालकांना सांगतात. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः डबे बघत फिरतात आणि ज्याच्या डब्यात दोहोंतलं एक कमी असेल त्याला त्यांच्या पत्नी हातातल्या पातेल्यातून ते वाढतात. कुणाच्या घरी किती आहे, याची चर्चा नाही. कुणी कमी नाही. सागरी आणि डोंगरी जिल्ह्यातल्या मुलांनी हा प्रसंग वाचून आपापले डबे उघडले, सुकट आणि रानभाजी शेजारी आली, तर त्या दिवशी पुस्तकाचं काम झालं.

या जिल्ह्याला अशा शाळांची परंपराही आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे आयुष्यभर सांभाळलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुस्तकांच्या बाबतीत मला नेमकं तेच म्हणायचं आहे. मूल पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तकानं मुलाच्या अंगणात जावं.

श्याम आणि मुकुंद

'श्यामची आई' साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली; १९३५ मध्ये ती प्रकाशित झाली. तिच्याविषयी आज तरुण वाचकांत एक अवघडलेपण आहे. आई फार आदर्श, श्याम फार रडका, असं मुलं म्हणतात. त्यावर उपाय म्हणून पुस्तक बाजूला ठेवणं मला पटत नाही. त्याच्या शेजारी मिलिंद बोकिलांची 'शाळा' ठेवावी. २००४ मध्ये आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची आहे. त्यातल्या मुकुंदला शिरोडकर आवडते, त्याला मित्र आहेत, घरात लपवायच्या गोष्टी आहेत.

श्याम आईला सगळं सांगतो, मुकुंद जवळजवळ काहीच सांगत नाही. का? काळ बदलला म्हणून, घर बदललं म्हणून, की वय वेगळं म्हणून? या प्रश्नावर वर्ग हमखास दोन तट करून बसेल. तेव्हा 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण वाचावं. विहिरीत उडी मारायला श्याम घाबरतो, लपून बसतो. आई त्याला फटके देऊन पाठवते, आणि तो पोहून आल्यावर ते वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं असतं. खाडीत लहानपणापासून पोहणाऱ्या दातिवऱ्याच्या मुलांना श्यामची भीती नवलाची वाटेल. पण त्या आईचा राग आणि कळवळा त्यांना लगेच ओळखू येईल. आदर्शाच्या चौथऱ्यावरून ती खाली उतरते आणि शेजारच्या घरातली होते.

'शाळा'त प्रेम आहे म्हणून काही शिक्षक कचरतात. नववीच्या मुलांच्या मनात जे आहेच, त्याबद्दल चांगल्या लेखकाच्या सोबतीनं बोलणं हे मोबाइलवर मिळणाऱ्या शिक्षणापेक्षा शतपट सुरक्षित आहे.

भीती कधी सुटते

चौथी जोडी डोंगराकडची. गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये आलं आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४५ मध्ये याच मुलखात वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध केलेल्या उठावाची ही कहाणी. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोनं आयुष्यभर मालकाकडे राबायचं, ही रीत पालघरच्या आजच्या मुलांच्या पणजोबांनी पाहिली आहे.

तिच्याशेजारी डेबोरा एलिस यांची 'द ब्रेडविनर', अपर्णा वेलणकर यांच्या अनुवादातली. तालिबानच्या काबूलमधली अकरा वर्षांची परवाना. बापाला पकडून नेल्यावर ती केस कापून मुलगा बनते आणि बाजारात बसून लोकांची पत्रं वाचून देते. तिच्या हातात एकच हत्यार आहे, वाचता येणं. आता वर्गाला विचारा: कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय हे वाचता आलं असतं, तर लग्नगड्याचं आयुष्य किती बदललं असतं? आणि नुसतं वाचता येणं पुरतं का, की एकत्र उभं राहावं लागतं? परवाना एकटी आहे, वारली एकजूट झाले. भीती कशानं सुटते, याची दोन उत्तरं मुलांपुढे येतात.

अडचणी आणि एक इशारा

शिक्षकांची पहिली तक्रार वेळेची असते आणि ती खरी आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, सर्वेक्षणं, नोंदी यांतून मराठीच्या बाईंना श्वास घ्यायला फुरसत नसते. पण कुमारभारतीत 'स्थूलवाचन' हा विभाग आहेच. त्याचा तास उत्तरं उतरवण्यात न घालवता मोठ्यानं वाचण्यात घालवता येतो. 'एका कोळियाने' छोटं पुस्तक आहे. 'श्यामची आई' तर रात्रीरात्रीनं सांगितलेल्या गोष्टींचीच आहे. ती ऐकायची म्हणूनच रचलेली आहे. प्रत्येक मुलाकडे प्रत हवी असं नाही. एक चांगलं वाचणारा गळा आणि एक प्रत पुरते.

इशारा असा की कुमारांच्या पुस्तकाला शिडी समजू नये. 'हे सोपं आहे, हे वाचा, मग खरं साहित्य वाचू' असं म्हटलं की दोन्ही पुस्तकांचा अपमान होतो, आणि मुलांना तो बरोबर कळतो. एकाच वल्ह्यानं होडी जागच्या जागी गोल फिरते. दोन वल्ही सारख्या जोरानं चालली तरच ती पुढे जाते. 'पाडस' हे नामदेवांचं आमिष नव्हे. कधी मुलं अभंगाकडून कादंबरीकडे जातील, कधी उलट. जोडी लावताना कथानक सारखं शोधू नये, प्रश्न सारखा शोधावा. आणि पहिला आठवडा शिक्षकानं अर्थ सांगू नये. फक्त वाचावं, विचारावं, ऐकावं.

मुलांना आपल्या बोलीत उत्तर देऊ द्यावं, हेही तितकंच महत्त्वाचं. माडगूळकरांनी माणदेशी बोली छापली, संतांच्या लंपनची मराठी कानडी वळणं घेऊन बोलते, आणि मराठी साहित्य त्यानं श्रीमंत झालं. मग मांगेलीत दिलेलं उत्तर वर्गात चूक कसं ठरेल?

जून महिन्यातला तास

हे सगळं सुरू करायला दातिवऱ्याच्या हाती एक सोय आहे, जी मुंबई-पुण्याच्या शाळांना नाही. १ जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली, तांडेल घरी. आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे जवळपास दीड महिना असा मिळतो, जेव्हा वर्ग आणि दर्या जाणणारी माणसं एकाच वेळी गावात असतात. त्या दिवसांत 'एका कोळियाने' वर्गात वाचावं आणि एखाद्या जुन्या तांडेलाला पाहुणा म्हणून बसवावं. सांतियागोनं कुठे चूक केली, ते त्यांनी सांगावं. मुलांनी त्यांना मनोलिनबद्दल विचारावं. हेमिंग्वेला १९५४ मध्ये नोबेल मिळालं, हे त्यानंतर सांगितलं तरी चालेल.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण दिवाळीत शाळांना पुस्तकं भेट देतात. माझी त्यांना विनंती आहे की पुस्तकं जोडीनं द्या: 'बनगरवाडी'सोबत 'तोत्तोचान', 'श्यामची आई'सोबत 'शाळा', 'एका कोळियाने'सोबत 'पाडस'. आणि आत एका कागदावर दोहोंत सामाईक असलेला एक प्रश्न लिहून ठेवा. ग्रंथपेटीला एवढी चिठ्ठी लागली तरी शिक्षकाचं अर्धं काम हलकं होतं.

किनाऱ्यावरच्या मुलांना समुद्र शिकवावा लागत नाही. त्यांना एवढंच सांगावं लागतं की तुम्हाला जे ठाऊक आहे त्याच्या बळावर जगातलं कोणतंही मोठं पुस्तक तपासून पाहायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नामदेवांपासून हेमिंग्वेपर्यंत सगळे तुमच्याशी बोलायला बसले आहेत. हा हक्क परीक्षेतल्या गुणांइतकाच शाळेनं द्यायचा असतो, आणि त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवणं कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हातात आहे.